प्रसूतीनंतरचा रोजगार : अडीच वर्षांचे अंतर

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा हा विस्तीर्ण भाग आहे. २००७ पर्यंत तेथे स्वतंत्र नगरपरिषद होती. त्या वर्षी हा भाग बंगळूर महानगरात विलीन झाला. कारखाने, तळी, जुनी खेडी आणि १८८२ मध्ये स्थापन झालेली व्हाइटफील्डची अँग्लो-इंडियन वसाहत, अशी या परिसराची पूर्वीची ओळख होती. १९९० नंतर येथे संगणक-उद्योगांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये मेट्रो रेल्वेही व्हाइटफील्डपर्यंत येऊन पोहोचली. सकाळच्या वेळी हूडी किंवा कुंदलहळ्ळी स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. त्यांपैकी कितीजणींच्या घरी वर्ष-दीड वर्षाचे मूल आहे, आणि ते मूल या क्षणी कोणाच्या हाती आहे, हे मात्र त्या गर्दीकडे पाहून कळत नाही. प्रस्तुत प्रकरणात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

मातांचा रोजगार आणि जननदर यांचा संबंध सामान्यतः एका वाक्यात सांगितला जातो : स्त्रिया नोकरी करू लागल्या की मुलांची संख्या घटते. हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते पडताळून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तथापि आपल्या देशातील आकडे त्याला पुरता दुजोरा देत नाहीत.

एका स्त्रीला तिच्या जननक्षम वयात सरासरी किती मुले होतील, हे दाखविणाऱ्या मापास ‘एकूण जननदर’ असे म्हणतात. हा दर सुमारे २.१ असला म्हणजे एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत भारताचा एकूण जननदर ३.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तो १.७ इतका, म्हणजे पिढीची भरपाई होण्यास लागणाऱ्या मर्यादेच्या बराच खाली आढळला.

या काळात स्त्रियांचा रोजगार त्याच प्रमाणात वाढला काय? तसे झाले नाही. २०१७-१८ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी अवघ्या २३.३ टक्के स्त्रिया श्रमबलात असल्याचे दिसले. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्क्यांवर गेले. परंतु या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा व घरच्या शेतीतील अथवा धंद्यातील बिनपगारी मदतीचा आहे. म्हणजे मुले आधी कमी झाली. पगाराची नोकरी त्यांच्यामागोमाग आली नाही. पाळणा लवकर थांबला तरी घरातले काम थांबले नव्हते. २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दररोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात, तर घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जात.

यावरून असे दिसते की, रोजगार आणि जननदर या दोन टोकांना जोडणारा एक मधला दुवा आहे आणि तो दुवा म्हणजे बालसंगोपन. आई कामावर असताना मूल कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर काय मिळते यावर ती कामावर परतते की नाही, आणि पुढचे मूल होऊ देते की नाही, या दोन्ही गोष्टी अवलंबून राहतात.

मुंबईच्या गिरण्यांचा धडा

हा प्रश्न संगणक-उद्योगाबरोबर जन्मास आलेला नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. त्यांतील अनेक माता तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन दिवसभर निजवून ठेवीत, अशी नोंद त्या काळच्या सरकारी पाहणीत झालेली आहे. त्या मातांना मुलांची माया नव्हती असा याचा अर्थ नव्हे. चाळीतल्या खोलीत मूल सांभाळावयास माणूस नाही आणि गिरणीचा भोंगा तर चुकवावयाचा नाही, या पेचातून काढलेला तो मार्ग होता.

प्रसूतीच्या काळात विश्रांती व वेतन मिळावे यासाठी मुंबई कायदे मंडळात विधेयक आले, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलणे योग्य ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. तो या प्रकारचा देशातील पहिला कायदा होय. त्यात खर्चाचा भार मात्र मालकावर ठेवण्यात आला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. त्यामागे रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांचे नूतनीकरण अशी अनेक कारणे होती. परंतु स्त्री-कामगार म्हणजे अधिक खर्च, हा मालकांचा हिशेबही त्यांत होता. मातृत्वाचा लाभ कोणी द्यावयाचा हे नीट ठरले नाही तर तो लाभच स्त्रीच्या नोकरीच्या आड येऊ शकतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

सव्वीस आठवडे आणि तीन वर्षे

स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम आला. त्यात बारा आठवड्यांची सवेतन रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. पन्नास अथवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या व ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

रजेच्या लांबीचा विचार केला तर हा कायदा जगातील उदार कायद्यांत मोडतो. परंतु वाचकाने येथे एक साधा हिशेब करून पाहावा. सव्वीस आठवड्यांपैकी काही आठवडे प्रसूतीपूर्वी खर्च झाले तर आई कामावर परत येते तेव्हा मूल पाच-सहा महिन्यांचे असते. दुसऱ्या बाजूस, अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहे; त्याहून लहान मुलांच्या वाट्यास तेथून शिधा व आरोग्यतपासणी येते, दिवसभराचा सांभाळ येत नाही. रजा जेथे संपते आणि अंगणवाडी अथवा बालवर्ग जेथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये सुमारे अडीच वर्षांचे अंतर उरते. मूल रांगू लागते, चालू लागते, हाताला येईल ते तोंडात घालते, वारंवार आजारी पडते, ती हीच वर्षे होत. आणि याच वर्षांसाठी सार्वजनिक व्यवस्था सर्वांत तोकडी आहे.

एकाच परिसरातील तीन माता

महादेवपुऱ्यासारख्या भागात हे अंतर वेगवेगळ्या माता वेगवेगळ्या रीतीने ओलांडतात.

पहिली संगणक-उद्योगातील अभियंता. शिक्षण, नोकरी, स्थैर्य आणि मग तिशीच्या आसपास पहिले मूल, असा तिचा क्रम असतो. या परिसरात पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत अजून टिकून आहे; परंतु रजा संपली की माहेर मागे राहते. मग दोन्हीकडच्या आज्या पाळीपाळीने बंगळूरला येऊन राहतात. आजोबांची औषधे, गावाकडचे घर, दुसऱ्या मुलाची गरज, या सगळ्यांतून सवड काढून ही पाळी चालते. आजीची प्रकृती साथ देईनाशी झाली की सगळी घडी विस्कटते. खासगी पाळणाघरे आहेत, पण त्यांची वेळ ठरलेली असते, आणि परदेशांतील कार्यालयांशी संध्याकाळी उशिरा बोलणी करावयाची असणाऱ्या आईची वेळ ठरलेली नसते.

दुसरी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणारी. बंगळूर हे या उद्योगाचे मोठे केंद्र असून त्यातील बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. यांपैकी अनेकींचा क्रम उलटा असतो : लग्न लवकर, पाठोपाठ दोन मुले, पंचविशीच्या आसपास कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आणि नंतर कारखाना. कर्नाटकात विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात दिसते. मूल लहान असताना जी नोकरी करू पाहते, तिला तासाच्या ठरावीक नगसंख्येशी स्पर्धा करावी लागते. ते न जमल्यास ती राजीनामा देते, भविष्यनिधीची रक्कम काढून घरखर्च भागविते आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करते. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिधी काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या नियमाविरुद्ध बंगळूरच्या हजारो कपडे-कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि शासनाला तो नियम मागे घ्यावा लागला. त्यांच्या संतापामागचे एक कारण येथे सापडते. म्हातारपणाची ही पुंजी प्रत्यक्षात नोकरीतील खंड भरून काढण्याच्या कामी येत होती.

तिसरी इमारतींच्या बांधकामावर वा त्याच इमारतींतील घरांत काम करणारी. बांधकामावरील माता मूल वाळूच्या ढिगाशेजारी ठेवते. घरकाम करणाऱ्या बाईची स्थिती तर अधिक विलक्षण आहे. अभियंता असलेल्या आईचे मूल ती दिवसभर सांभाळते, आणि तिचे स्वतःचे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर किंवा शेजारणीच्या भरवशावर असते. पहिल्या आईची अडचण दुसऱ्या आईकडे, दुसरीची एखाद्या दहा वर्षांच्या मुलीकडे, अशी ती खाली सरकत जाते. त्या मुलीच्या शाळेची भरपाई कोणीच करीत नाही.

या तिघींचा जननदर कमी आहे, पण कारणे निरनिराळी आहेत. पहिली दुसऱ्या मुलाचा विचार पुढे ढकलते आणि पुष्कळदा सोडूनच देते. दुसरी कामावर येण्याआधीच मुले ‘आटोपून’ घेते. तिसरी गावी ठेवलेल्या व सोबत आणलेल्या मुलांत आपले मातृत्व विभागून टाकते. यांतील एकीलाही आपला निर्णय सर्वस्वी मोकळेपणाने घेता आला असे म्हणता येत नाही.

खर्च कोणी सोसावयाचा?

या ठिकाणी १९२८ मधील जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने त्याचे एक चांगले उत्तर दिले होते. मालक व कामगार दोघेही वेतनाच्या प्रमाणात वर्गणी भरतात (२०१९ पासून अनुक्रमे ३.२५ व ०.७५ टक्के) आणि प्रसूतिकाळातील वेतन या सामाईक निधीतून मिळते. एखाद्या कारखान्यात प्रसूत होणाऱ्या स्त्रिया अधिक असल्या म्हणून त्याची वर्गणी वाढत नाही. त्यामुळे स्त्रीस नोकरी देण्याचे टाळण्याचे एक कारण नाहीसे होते. मात्र २०१७ मध्ये या योजनेसाठी वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली. त्याहून अधिक वेतन घेणाऱ्या स्त्रीच्या सव्वीस आठवड्यांचा खर्च एकट्या मालकावर पडतो. मोठी संस्था तो सहज सोसते. वीस माणसांच्या लहान संस्थेत नव्या लग्नाच्या उमेदवार मुलीकडे मालक कोणत्या नजरेने पाहील, हे सांगावयास नको. रजा केवळ मातेसाठी असल्याने संगोपन हे फक्त तिचेच काम, हा समजही कायद्याकडून दृढ होतो.

पाळणाघराचीही हीच गोष्ट. कर्मचाऱ्यांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की पाळणाघर बंधनकारक, या पद्धतीत लहान कारखान्यातील, घरोघर काम करणाऱ्या व रोजंदारीवरील मातेचे मूल कोणत्याच गणनेत येत नाही.

अन्य देशांचा अनुभव

पाश्चात्त्य देशांत १९७० च्या सुमारास जेथे अधिक स्त्रिया नोकरी करीत तेथे जननदर कमी, असेच चित्र होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते उलटले. स्त्रियांचा रोजगार अधिक असलेल्या स्वीडनसारख्या देशांत जननदर तुलनेने चांगला राहिला आणि स्त्रिया मोठ्या प्रमाणावर घरीच असलेल्या इटली व स्पेनमध्ये तो १९९० च्या दशकात १.२ च्या आसपास घसरला. स्वीडनने १९७४ मध्येच पित्यालाही संगोपनरजेचा हक्क दिला होता आणि नगरपालिकांच्या पाळणाघरांचे जाळे विणले होते. इटली व स्पेनमध्ये ते ओझे मुख्यतः कुटुंबावर, म्हणजे व्यवहारात आईवर राहिले. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर शुल्काची पाळणाघरे सुरू केली, तेव्हा लहान मुलांच्या मातांचा रोजगार स्पष्टपणे वाढला.

तथापि यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. २०१० नंतर स्वीडन, फिनलंड या देशांतही जननदर पुष्कळ घटला. दक्षिण कोरियाने प्रचंड खर्च करूनही २०२३ मध्ये तो ०.७२ इतका खाली गेला. पाळणाघर बांधले की जन्म वाढतात, असा यांत्रिक नियम नाही. डेन्मार्कमधील संशोधनात तर असे आढळले की, उत्तम सोयी असूनही पहिल्या मुलानंतर स्त्रीची कमाई पुरुषाच्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी मागे पडते आणि ती तूट भरून निघत नाही. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यामागील एक महत्त्वाचे कारण दाखविले आहे : जो अवेळीही हाकेला हजर राहतो त्याला अनेक व्यवसाय प्रमाणाबाहेर अधिक मोबदला देतात. महादेवपुऱ्यातील कार्यालयांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

अंगणवाडीचा मूळ विचार

मराठी वाचकास या संदर्भात घरच्याच एका अनुभवाची आठवण व्हावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भावंड असते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी ‘विकासवाडी’ योजिली. भावंड पाळण्यात गेले की बहीण वर्गात बसू शकते, इतका तो साधा विचार होता. त्यांची अंगणवाडी १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर देशभर गेली. कर्नाटकातील तिरुमकूडलु नरसीपूर हे आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक होते. आज कन्नड मातेच्या तोंडीही ‘अंगनवाडी’ हाच शब्द आहे. शब्द सर्वत्र पोहोचला, परंतु विकासवाडीतील पाळणा वाटेत मागे राहिला.

तो परत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच फिरते पाळणाघर सुरू केले आणि हे काम पुढे मुंबई व पुण्यातही पोहोचले. केंद्र शासनाच्या २०२२ च्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची कल्पना आहे. कर्नाटक शासनाने २०२३-२४ मध्ये रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मातांसाठी ग्रामपंचायतींतून ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, ही योजना हाती घेतली. परंतु ती ग्रामीण भागापुरती होती. महादेवपुऱ्यातील शिवणकामगार किंवा घरकाम करणारी बाई त्या कक्षेबाहेर राहिली.

निष्कर्ष

स्त्रीने मुले किती व केव्हा होऊ द्यावीत, हा निर्णय तिच्या हाती यावा म्हणून र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने तशी सरकारी केंद्रे उघडली, तीत बंगळूर होते. नको असलेले मूल टाळण्याचे स्वातंत्र्य या मार्गाने हळूहळू बहुतेक स्त्रियांपर्यंत पोहोचले. त्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू मात्र अपुरीच आहे. हवे असलेले मूल नोकरी न गमावता वाढविता येणे, हेही त्याच निर्णयाचे अंग होय.

म्हणून बालसंगोपनाच्या सोयींचे मोजमाप जननदराच्या काट्यावर करणे चुकीचे आहे. त्यांनी जन्म वाढले काय किंवा घटले काय, हा दुय्यम प्रश्न. रजा संपल्याच्या दिवसापासून मूल तीन वर्षांचे होईपर्यंत ते सुरक्षित हाती राहते काय; ते हात एखाद्या लहान मुलीचे किंवा थकलेल्या आजीचे तर नाहीत ना; त्याचा खर्च सर्व समाजात वाटला गेला आहे काय; आणि त्या काळात पित्याच्याही दिनक्रमात काही बदल होतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही धोरणाकडे मागितली पाहिजेत. ती मिळत नाहीत तोवर कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईला हे अडीच वर्षांचे अंतर आपापल्या बळावर, आणि बहुधा दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या खांद्यावर भार देऊनच, ओलांडावे लागेल.